एका पीसीत दोन सिस्टीम, पण आधी गेम कोणता ते सांगा

सुट्ट्या लागल्या की दरवर्षी गेमिंगची पत्रं वाढतात, पण या वेळी बहुतेक सगळ्यांनी एकच विचारलं आहे: घरच्या डेस्कटॉपवर गेमिंगसाठी विंडोजसोबत दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे बहुतेक करून फुकट मिळणारं लिनक्स, टाकायची का, आणि टाकली तर पहिलीला काही होईल का. त्यामुळे हा अंक पूर्ण याच विषयाला दिला. पत्रं जागेसाठी थोडी कापली आहेत, नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न: नमस्कार दादा, मी मानेवाड्याला राहतो, बारावी झाली, सीईटी पण झाली, आता मोकळा आहो. घरी डेस्कटॉप आहे, आय-फाइव्ह सातव्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० कार्ड. विंडोज १० आहे आणि विंडोज ११ चालणार नाही असं दाखवून राहिलं. मित्र म्हणतो लिनक्स टाक, एफपीएस डबल होते. मी व्हॅलोरंट, जीटीए फाइव्ह आणि सीएस टू खेळतो. विंडोज न काढता बाजूला लिनक्स टाकू का? कोणतं टाकू? पप्पांचं काम पण याच पीसीवर असते.
(मानेवाडा)

उत्तर: तू गेमची नावं लिहिलीस ते फार बरं केलंस, कारण लोक प्रोसेसर लिहितात, रॅम लिहितात, कार्ड लिहितात आणि गेम कोणता तेवढंच लिहायचं विसरतात, आणि या सगळ्या भानगडीत निर्णय त्या एकाच गोष्टीवर होतो.

व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. सेटिंग बदलून चालेल, व्हिडिओत एकाने चालवून दाखवला, असं कोणी म्हटलं तर त्याच्या मागे आठवडा घालवू नको. त्या गेमसोबत व्हॅनगार्ड नावाचं अँटीचीट, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर येतं, ते विंडोजच्या अगदी आत, कर्नल नावाच्या गाभ्यात बसतं आणि पीसी सुरू होतो तेव्हापासून लक्ष ठेवतं. लिनक्सला तो विंडोजचा कर्नलच नाही, मग ते बसणार कुठे. जीटीए फाइव्हचा स्टोरी मोड लिनक्सवर छान चालतो, पण ऑनलाइनमधे सप्टेंबर २०२४ ला बॅटलआय नावाचं अँटीचीट आलं आणि तेव्हापासून लिनक्सवाल्यांसाठी ऑनलाइनचं दार बंद झालं. सीएस टू मात्र लिनक्ससाठी वेगळा बनवलेलाच आहे, त्याला कसलीच मधली सोय लागत नाही. म्हणजे तुझ्या तीनपैकी एक पूर्ण चालतो, एक अर्धा आणि एक बिलकुल नाही, त्यामुळे विंडोज ठेवायचंच आहे हे ठरलं.

आता अर्धा चालतो म्हणजे कसा, ते समजून घे, पुढे कामात येईल. स्टीम म्हणजे गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं ॲप, त्यात प्रोटॉन नावाची गोष्ट आहे, स्टीमवाल्या वॉल्व्ह कंपनीने २०१८ मधे काढलेली. विंडोजचा गेम विंडोजकडे जे जे मागतो ते प्रोटॉन मधे उभं राहून लिनक्सच्या भाषेत करून देतं. त्यातला जुना पाया वाइन नावाच्या सॉफ्टवेअरचा आहे, ते काम १९९३ पासून चालू आहे. ग्राफिक्ससाठी डीएक्सव्हीके आहे, ते डायरेक्टएक्स ९, १० आणि ११ या विंडोजच्या ग्राफिक्सच्या भाषेचं वल्कन या लिनक्सला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करतं, आणि डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडीथ्रीडी आहे. म्हणून एखादा गेम पहिल्यांदा सुरू करशील तेव्हा स्टीम तुला 'प्रोसेसिंग वल्कन शेडर्स' अशी पट्टी दाखवेल (शेडर म्हणजे कार्डाने चित्र कसं काढायचं ते सांगणारे छोटे प्रोग्रॅम) आणि ती बराच वेळ हलता हलणार नाही. स्किपचं बटन असते, पण दाबू नको, होऊ दे, नाहीतर गेममधे प्रत्येक नव्या गल्लीत शिरताना पिक्चर अडकेल. बॅटलआय आणि इझी अँटीचीट या दोघांनी २०२१ मधेच प्रोटॉनला परवानगी द्यायची सोय केली, पण ती चालू करायची की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हातात ठेवलं, म्हणून एकच अँटीचीट एका गेममधे लिनक्सवर चालतं आणि दुसऱ्यात चालत नाही. एपेक्स लेजंड्स तर आधी लिनक्सवर चालायचा आणि ऑक्टोबर २०२४ मधे बंद केला. आज चालतो तो उद्या चालेलच असं नाही, हे मनात ठेवूनच टाक. कोणता गेम कसा चालतो ते प्रोटॉनडीबी नावाच्या साइटवर बघ, तिथे खेळणारे लोक स्वतः प्लॅटिनम, गोल्ड असे दर्जे देतात, आणि नुसता दर्जा बघू नको, खाली तुझ्यासारखं कार्ड असलेल्याने काय लिहिलं ते वाच.

एफपीएस, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात तो आकडा, डबल होत नाही. १६५० कार्ड विंडोजमधे जेवढं आहे तेवढंच लिनक्समधे राहील. एएमडीच्या कार्डावर लिनक्स बरेचदा बरोबरीने आणि कधी थोडं पुढेही चालतं, कारण त्याचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्सच्या आतच येतात, पण एनव्हिडियावर, आणि तुझं कार्ड त्यांचंच आहे, डायरेक्टएक्स १२ चे गेम थोडे मागेच पडतात. खरं सांगू, तुझ्या पीसीत जे अडून राहिलं ते रॅम आहे. ८ जीबीची एकच काडी असेल तर तशीच दुसरी ८ ची लाव, दोन काड्या झाल्या की ड्युअल चॅनल होतं, म्हणजे प्रोसेसर दोन्ही काड्या एकदम वापरतो, त्याचा फरक तुला कोणत्याही सिस्टीमपेक्षा जास्त दिसेल. आणि विंडोज अजून हार्डडिस्कवर असेल तर एसएसडी.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती लोकांसाठी सिक्युरिटी अपडेटची एक वर्षाची वाढीव सोय आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल' दिसेल, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की पैसे लागत नाहीत. ते आजच करून टाक, पप्पांचं काम त्यावर आहे. त्यानंतर मात्र पप्पांचं बँकेचं आणि इंटरनेटचं काम हळूहळू लिनक्सवर आणता आलं तर उत्तम, आणि विंडोज फक्त व्हॅलोरंटपुरतं. सातव्या जनरेशनवाल्यांना लिनक्सचा खरा फायदा मला इथे दिसतो, एफपीएसमधे नाही.

कोणतं टाकू म्हणशील तर लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, पण पहिल्यांदाच टाकतो आहेस म्हणून लिनक्स मिंट. बॅझाइट पण चांगलं आहे, फेडोरा नावाच्या दुसऱ्या लिनक्सवर बनलेलं, स्टीम आधीच टाकून येतं, पण ते मुख्य गेमिंगसाठी आहे आणि तुझ्या घरी पप्पा पण बसणार. मिंटमधे 'ड्रायव्हर मॅनेजर' उघड आणि ज्याच्यापुढे रेकमेंडेड लिहिलं आहे तो एनव्हिडियाचा ड्रायव्हर घे. इथे बहुतेक पोरं फसतात. सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त ओळखीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर तो ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागतो, आणि रीस्टार्ट केल्यावर निळ्या रंगाची एक स्क्रीन येते, 'परफॉर्म मॉक मॅनेजमेंट' म्हणून. ती फक्त दहा सेकंद थांबते. तेवढ्यात कोणतंही बटन दाब, मग 'एनरोल मॉक', मग कंटिन्यू, येस, आणि तो मघाचा पासवर्ड. हे चुकलं तर ड्रायव्हर लोडच होत नाही, गेम आठ-दहा एफपीएसवर रांगतो आणि माणूस म्हणतो लिनक्स बेकार आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाजूला टाकायचं ते त्याच डिस्कवर टाकू नको. वेगळी एसएसडी घे, साटावाली, म्हणजे केबलने जोडायची, साधी पण चालेल, नागपुरात बर्डीत कोणत्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळेल, पण २५६ जीबीची घेऊ नको, एकटा जीटीए शंभर जीबीच्या वर जागा खातो, ५०० ची घे. ती कशी लावायची ते खालच्या पत्राच्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे, तेही वाच आणि पप्पांनाही वाचायला दे.

प्रश्न: माझा मुलगा दहावीत गेला. घरी मागच्या वर्षी नवा कॉम्प्युटर घेतला, विंडोज ११ आहे. मी घरूनच तीन-चार दुकानांचे हिशोब टॅलीवर करते, त्यांचं जीएसटीचं सगळं त्यातच आहे, शिवाय घरचे फोटो. मुलगा म्हणतो गेमसाठी दुसरी सिस्टीम टाकतो, तुझ्या कामाला हात लागणार नाही. त्याच्यावर विश्वास आहे पण भीती वाटते. त्याला नाही म्हणू का?
(प्रतापनगर)

उत्तर: ताई, नाही म्हणू नका. पोरगं लपून टाकेल त्यापेक्षा तुमच्यासमोर बसून टाकलेलं बरं, आणि यातून तो जे शिकेल ते क्लासमधे शिकवत नाहीत. पण तुमची भीती अगदी रास्त आहे, आणि ती कुठे खरी होते ते मी बघितलं आहे.

मी कॉलेजात असताना काकांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायला बसलो होतो. इन्स्टॉल करताना एक स्क्रीन येते, त्यात पर्याय असतात, विंडोजच्या सोबत टाका, पूर्ण डिस्क पुसून टाका, किंवा स्वतः ठरवा. मी घाईत होतो, लाईट जाण्याची वेळ होत आली होती, आणि मी दुसऱ्यावर क्लिक केलं. खात्री करून घेणारी एक चौकट पण आली, ती मी न वाचता पुढे ढकलली. त्या डिस्कवर आमच्या आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. नंतर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं, दोन रात्री, तर काही फोटो परत आले पण नावं गेलेली, नुसते आकडे, आणि बऱ्याच फोटोत वरचा अर्धा भाग दिसतो आणि खाली सगळं राखाडी. एका फोटोत आजीचा चेहरा आहे आणि ओवाळणाऱ्या आत्याचे हात कापलेले आहेत. काका मला एक शब्द बोलले नाहीत. तो फोटो माझ्याजवळ अजून आहे.

म्हणून तुम्हाला क्रमाने सांगतो. आधी बॅकअप. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या, आणि तो बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा. फोटो पण तिच्यावर. मग ती हार्डडिस्क दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरला किंवा लॅपटॉपला लावून चार-पाच फाइल उघडून बघा, खरंच उघडतात का. न उघडून बघितलेल्या बॅकअपवर मी तरी भरवसा ठेवत नाही. मग ती डिस्क काढून कपाटात. पोरगं काम करत असताना ती कॉम्प्युटरला लागलेली नको.

दुसरं, विंडोज ११ मधे तुमच्या नकळत डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असू शकते, सेटिंगमधे 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधे 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बघा. चालू असेल तर घाबरू नका, ते चांगलंच आहे, पण त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की असते, ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे सापडेल, ती कागदावर उतरवून ठेवा. बायोसमधे, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधे, काही बदललं, विशेषतः सिक्युअर बूट किंवा टीपीएम नावाची सुरक्षेची चिप बंद केली, तर पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना ती की मागतं, आणि नसेल तर तुमचा डेटा समोर असून उघडत नाही. तुमच्या मुलाला सांगा सिक्युअर बूट बंद करायचं नाही. जुन्या व्हिडिओत ते बंद करायला सांगतात, मिंट, उबुंटू, फेडोरा हे लिनक्सचे प्रकार आता ते चालू असतानाच टाकता येतात, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचा असेल तर तसंही सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० दोन्ही चालू लागतात.

तिसरं, वेगळी डिस्क. नव्या डिस्कवर सिस्टीम टाकताना तुमची विंडोजची डिस्क पीसीपासून सोडवून ठेवायची. पीसी बंद करा, मागचं बटन बंद, प्लग काढा, साइडचं पॅनल उघडा, साटाची एसएसडी असेल तर पातळ चपटी केबल दिसेल, ती ओढून काढा, आणि ती मदरबोर्डवर चिकटलेली चपटी एनव्हीएमई असेल तर एका छोट्या स्क्रूवर असते, स्क्रू सोडला की ती थोडी वर उचलते, हलक्या हाताने काढून ठेवा. आता पीसीत फक्त नवी रिकामी डिस्क आहे. मुलाला म्हणा, आता हवं ते कर. चुकीचं बटन दाबलं तरी पुसायला तिथे काहीच नाही. हे मी नुसतं भीतीपोटी सांगत नाही, उबुंटू-मिंटच्या जुन्या इन्स्टॉलरमधे खोडच होती की तुम्ही दुसरी डिस्क निवडली तरी बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, पहिल्या डिस्कवरच नेऊन ठेवायचा, मग पुढे नवी डिस्क काढली की विंडोज पण सुरू व्हायचं नाही.

टाकून झालं की तुमची डिस्क परत लावा. पीसी सुरू करताना बूट मेनूचं बटन दाबून कोणती डिस्क ते निवडायचं, गिगाबाइटच्या बोर्डवर एफ१२, एमएसआयवर एफ११, असूसवर एफ८. बायोसमधे पहिला नंबर तुमच्या विंडोजला ठेवा, म्हणजे काहीही न दाबता सुरू केलं की तुमचा टॅली, आणि खेळायचं असेल त्याने बटन दाबायचं. आणि एक, लिनक्समधून तुमची विंडोजची डिस्क दिसेल, एन्क्रिप्ट नसेल तर उघडेल पण. तिच्यात काही लिहायचं नाही हे त्याच्याकडून कबूल करून घ्या.

प्रश्न: भाऊ, मी विंडोज आणि मिंट दोन्ही टाकले, मस्त चालून राहिले, पण दोन त्रास आहेत. मिंटवर बसून परत विंडोजमधे आलो की घड्याळ साडेपाच तास मागे जाते. आणि डी ड्राइव्हवर मिंटमधून काही सेव्ह होत नाही, रीड ओन्ली म्हणते. डी वर माझे स्टीमचे गेम आहेत, तेच दोन्हीकडून चालवायचे होते.
(नंदनवन)

उत्तर: साडेपाच तास वाचून कोणाला वाटेल बॅटरी गेली, आणि बरेच जण मदरबोर्डवरचा सेल बदलून पण येतात. सेल चांगला आहे. मदरबोर्डच्या घड्याळात जी वेळ असते ती विंडोज आपली भारतीय वेळ म्हणून वाचतं, आणि लिनक्स तिथे ग्रीनिचची वेळ लिहून ठेवतं. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून बरोबर तेवढाच फरक पडतो. मिंटमधे टर्मिनल उघड आणि टाइमडेटसीटीएल, जागा, सेट-लोकल-आरटीसी, जागा, १ असं (timedatectl set-local-rtc 1) इंग्रजी छोट्या अक्षरात टाईप करून एंटर मार. लिनक्स पण भारतीय वेळच लिहायला लागेल. ते तुला एक इशारा देईल की ही पद्धत बरोबर नाही म्हणून, पण आपल्याकडे घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यात पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे आपल्याला त्याचा त्रास नाही. मग एकदा विंडोजमधे जाऊन वेळ सिंक कर.

डी ड्राइव्हचं कारण विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' आहे. ते चालू असलं की शटडाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि आपल्या ड्राइव्ह हातात धरून झोपतं, मग लिनक्स म्हणतं मी याच्यात लिहिणार नाही, आणि ते बरोबरच करतं. कंट्रोल पॅनलमधे पॉवर ऑप्शन्स, तिथे डावीकडे पॉवर बटनाचं काय करायचं ते निवडायची लिंक आहे, तिच्यात फास्ट स्टार्टअपची टिक काढ.

पण ते काढलं तरी गेमचं एकच फोल्डर दोन्हीकडून वापरायचा विचार सोड. डी ड्राइव्ह एनटीएफएस आहे, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फाइल ठेवतो. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं नकली सी ड्राइव्ह बनवतं आणि त्यात फाइलच्या नावात विसर्गासारखे दोन टिंब येतात, ते विंडोजला चालत नाहीत. मग विंडोज कधीतरी डिस्क तपासायला बसतं आणि त्याला ते खराब वाटतं. त्या फोल्डरची लिंक दुसरीकडे वळवायचा उपाय आहे, मी स्वतः काही महिने करून बघितला, आणि सोडून दिला, रोज खेळायचं की रोज दुरुस्ती करायची. जो गेम जिथे चालतो तिथेच ठेव. जो दोन्हीकडे हवाच आहे तो दोनदा टाक. डाउनलोड पुन्हा नको असेल तर स्टीममधून बॅकअप घेऊन दुसरीकडे रिस्टोर करता येतं.

प्रश्न: सर, पीसीवर दुसरी सिस्टीम म्हणून अँड्रॉइड टाकलं तर बीजीएमआय मोठ्या स्क्रीनवर खेळता येईल का?
(इतवारी)

उत्तर: बीजीएमआय फोन आणि टॅबलेटसाठीच आहे. पीसीवर कीबोर्ड-माऊस घेऊन फोनवाल्यांमधे खेळणं समोरच्यावर अन्याय आहे, आणि अकाउंट पण जाऊ शकतं. फोन टीव्हीला किंवा मॉनिटरला जोडून खेळ. त्यासाठी सिस्टीम टाकायची गरज नाही.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डेस्कटॉपवर उबुंटूच आहे आणि तेच हवं आहे, सगळे प्रोजेक्ट त्यात आहेत. पण हॉस्टेलमधे सगळे व्हॅलोरंट खेळतात. ड्युअल बूट नको वाटतं, सारखं रीस्टार्ट. उबुंटूच्या आत व्हर्च्युअल मशीनमधे विंडोज टाकून खेळता येईल का? प्रोसेसर रायझन ५ ५६०० आहे, कार्ड आरएक्स ६६००.
(हिंगणा रोड)

उत्तर: व्हॅलोरंट व्हर्च्युअल मशीनमधे, म्हणजे एका सिस्टीमच्या आत चालणाऱ्या नकली पीसीत, चालत नाही, व्हॅनगार्ड ते ओळखतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे इथेच संपलं, पण तू इंजिनिअरिंगचा आहेस म्हणून पुढे लिहितो.

साध्या व्हर्च्युअलबॉक्समधे विंडोजला खरं कार्ड मिळतच नाही, एक बनावट कार्ड मिळतं, त्यावर जुने छोटे गेम ठीक. खरं कार्ड आतल्या विंडोजला देण्याची पद्धत आहे, तिला पासथ्रू म्हणतात, केव्हीएम या लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनमधे करतात. त्यासाठी बायोसमधे आयओएमएमयू नावाची सेटिंग चालू लागते, आणि मुख्य म्हणजे दोन ग्राफिक्स लागतात, एक उबुंटूला पडदा दाखवायला आणि एक विंडोजला द्यायला. तुझ्या ५६०० मधे आतलं ग्राफिक्स नाही, ते ५६००जी मधे असतं. म्हणजे आरएक्स ६६०० विंडोजला दिलं की उबुंटूचा पडदा काळा. एका कार्डावर पण करतात लोक, पण मग उबुंटूचा डेस्कटॉप बंद करूनच विंडोज सुरू होतं, म्हणजे ते रीस्टार्टसारखंच झालं. शिकायला म्हणून जरूर कर, लिनक्सचा कर्नल हार्डवेअर कसं वाटतो ते यातून जेवढं कळतं तेवढं पुस्तकातून कळत नाही, मला तरी तिथूनच कळलं. पण मित्र लॉबीत वाट बघत असताना करू नको.

वेगळ्या एसएसडीवर विंडोज ११ टाक, उबुंटूची डिस्क सोडवून, वर प्रतापनगरच्या ताईंना सांगितलं तसंच. विंडोज नंतर टाकलं की ते स्वतःला बूटच्या यादीत पहिलं करून घेतं, लोकांना वाटतं उबुंटू गेलं, ते कुठे जात नाही, बायोसमधे क्रम बदलला की परत येतं. रीस्टार्टला एसएसडीवर मिनिटभर पण लागत नाही. आणि व्हॅलोरंट सोडून बाकीचं आधी उबुंटूवर बघ, तुझं कार्ड एएमडीचं आहे, लिनक्ससाठी याहून सोपं कार्ड नाही, ड्रायव्हरचं काहीच करायचं नाही. फक्त स्टीम उबुंटूच्या ॲप स्टोअरमधून स्नॅपवालं (उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेजचं) घेऊ नको, स्टीमच्या साइटवरून डेब फाइल घे, स्नॅपमधे गेम विनाकारण अडतात. पुण्यात बनलेला 'राजी' हा गेम पण प्रोटॉनवर लावून बघ, आपल्याकडच्या लोकांनी तेवढ्या छोट्या टीमने केलेलं काम आहे, मला त्याचा फार अभिमान आहे.

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी बॅझाइट टाकलं, तेव्हा एकदम झकास चालत होतं. आता गेम सुरू केला की वीस-पंचवीस मिनिटांनी अडकायला लागतो, कधी पीसी आपोआप बंद होतो. विंडोजमधे पण आता तसंच होऊन राहिलं. दोन सिस्टीम टाकल्यामुळे हार्डवेअरवर लोड येतो का? काढून टाकू का एक?
(जरीपटका)

उत्तर: काढू नका. एका वेळी एकच सिस्टीम चालते, दुसरी नुसती डिस्कवर पडून असते, तिचा लोड शून्य. तुम्ही बॅझाइट टाकलं तेव्हा मार्च होता आणि आता मे आहे, एवढाच फरक आहे. बाहेर ४५ आणि बंद खोलीत पीसी, मॉनिटर आणि माणूस, पीसीचे पंखे जी हवा आत ओढतात तीच गरम आहे. प्रोसेसर शंभरच्या जवळ गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तेच तुम्हाला अडकणं वाटतं, आणि तरी तापत राहिला तर वाचण्यासाठी बंद होतो. दोन्ही सिस्टीममधे होतं म्हणजे सिस्टीमचा दोष नाहीच.

आधी मोजा. बॅझाइटमधे मँगोहड आहे, गेम चालू असताना कोपऱ्यात तापमान दाखवतं. विंडोजमधे एचडब्ल्यूइन्फो टाका. कॅबिनेट उघडा, पीसीचा प्लग काढून, आणि प्रोसेसरच्या पंख्याखालच्या जाळीत बघा, बहुतेक करड्या रंगाची नमद्यासारखी गादी बसलेली असेल. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि ब्रशने सोडवा, ब्लोअर मारताना पंखा मोकळा गरगर फिरू देऊ नका. पीसी चार-पाच वर्षांचा असेल तर थर्मल पेस्ट बदलून घ्या.

आणि कूलर. आपल्याकडे सगळे हेच करतात, खोलीत कूलर एकच, तो टेबलाकडे वळवलेला, झोत सरळ कॅबिनेटवर. कूलरची हवा थंड असते पण ओली असते, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती ते कूलरच्या ताटीवर जमलेल्या पांढऱ्या थरावरून दिसतंच, तोच बारीक थर धुळीसोबत आत जाऊन चिकटतो. कूलर खोलीसाठी राहू द्या, झोत अंगावर घ्या, कॅबिनेटवर नको, आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा बाहेर जाईल. गेममधे एफपीएस ६० वर बांधून टाका, मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर वरचे एफपीएस दिसतच नाहीत, कार्ड उगाच तापतं. दुपारी बारा ते पाच खेळूच नका, रात्री नऊनंतर तोच गेम न अडकता चालतो की नाही बघा, आणि तेव्हाही बंद झाला तर मला दोन्ही वेळचे आकडे लिहून पाठवा, मग पॉवर सप्लायकडे बघू.